नासी लमाकची पंगत

मलेशियन विद्यार्थ्यांच्या स्टॉलवर मला कशालाही हात लावायची परवानगी नाही. बसायची आहे, खायची आहे, टाळ्या वाजवायचीसुद्धा आहे. पण डाव, पळी, चमचा किंवा चिमटा यांपैकी काहीही माझ्या हातात दिसलं, तर क्लबचा कोणीही सभासद ते काढून घेऊ शकतो. हा नियम दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतात. (आग लागली तर कुठून पळायचं, हे त्यानंतर सांगतात!)

आता मी कोणी गुन्हेगार नाही. ऑकलंडला शिकायला आलो आणि इथलाच झालो. माउंट वेलिंग्टनच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून पगार मिळेल एवढं काम करतो. पण माझी खरी विद्या वेगळीच आहे. मी वाढपी आहे! सांगलीत आमच्या घरातल्या मुंजी, बारशी, डोहाळजेवणं यांत भाताचा डाव माझ्याकडे असायचा. ही विद्या मला मामाने दिली. मामा म्हणायचा, "सुहास, वाढताना माणसाकडे बघू नकोस, पानाकडे बघ. माणूस 'नको' म्हणतो, पान 'हो' म्हणतं." या एका वाक्यावर मामाने उभ्या सांगलीची पोटं बिघडवली.

२०१६ च्या सुमारास आमच्या घराची मागची खोली आम्ही अझीझाला दिली होती. अझीझा मलेशियातल्या इपोहची, इथे फार्मसी शिकत होती. तिने पहिल्या दिवसापासून आम्हाला 'अंकल-आंटी' म्हणायला सुरुवात केली, त्यामुळे परक्या मुलुखातली भाडेकरू आली आहे असं वाटलंच नाही. तिचं इंग्रजी मलेशियाचं, माझं सांगलीचं. मध्ये न्यूझीलंडचं कोणी नसल्यामुळे आमचं उत्तम जमायचं. तिचा एक विद्यार्थी क्लब होता. कधी बॅडमिंटन, कधी कॅरिओके, कधी ईदचं जेवण, कधी नव्यांचं स्वागत, तर कधी जुन्यांचा निरोप. कार्यक्रम कुठलाही असो, शेवटी तो जेवणावरच यायचा. आणि जेवण आलं की ती पोरं आमच्या गॅरेजमध्ये यायची, कारण महाराष्ट्र मंडळाची मोठी पातेली आमच्या गॅरेजमध्ये असतात.

त्या उन्हाळ्यात अझीझा क्लबची 'फूड सेक्रेटरी' झाली. आनंदाने नाचेल असं वाटलं होतं, तर ही तोंड पाडून स्वयंपाकघरात बसलेली.

"काय झालं गं?" मृणालने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं.

"आंटी, पार्कातला फेस्टिव्हल. गेल्या वर्षी आमच्या स्टॉलचा भात कच्चा राहिला. लोक परत आले ना तक्रारी घेऊन! लिंडा म्हणाली, या वर्षी परत गोंधळ झाला तर पुढच्या वर्षी तुम्हाला जागाच नाही. आणि या वर्षी भात माझ्याकडे!"

लिंडा म्हणजे फेस्टिव्हलची व्यवस्था बघणारी बाई. नारंगी जाकीट, कमरेला वॉकी-टॉकी, आणि चेहऱ्यावर कायम 'हे कोणी ठेवलं इथे?' असा भाव.

"एवढंच ना?" मी म्हणालो. "मी येतो की मदतीला! दोनशे पानं उठवलीयत मी, एका सकाळी!"

"रिअली, अंकल? कॅन?"

"कॅन म्हणजे काय, कॅनच!"

मृणालने माझ्याकडे बघितलं. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली की त्या नजरेचा अर्थ विचारावा लागत नाही. पण अझीझाचा चेहरा इतका उजळला होता, की मला खरंच फार बरं वाटलं. पोरगी घरापासून एवढ्या लांब आली आहे, तिचं एक काम आपल्या हातून व्हावं, असं मनापासून वाटलं. (माझे सगळे अपघात असे मनापासूनच होतात.)

स्टॉलवर विकायचं होतं नासी लमाक. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, सोबत लाल मिरच्यांचं सांबल, तळलेले शेंगदाणे, काकडी, अर्धं उकडलेलं अंडं आणि तळलेले बारीक सुके मासे. आम्ही शाकाहारी, त्यामुळे मासे गॅरेजमध्येच राहतील, असा मृणालचा हुकूम होता. (पुढे बरेच दिवस आमच्या गाडीत बसलं की रत्नागिरीला पोचल्यासारखं वाटायचं.) हिशेब अझीझाने चोख बसवला होता. भाताची दोन पातेली, दिवसभर पुरवायची. एका प्लेटला एक कप भात, कप वरून सपाट करायचा. लोक आधी कुपन घेणार, रांगेत उभे राहणार, प्लेट हातात घेणार आणि चालू लागणार. यात चुकण्यासारखं काही नव्हतं. मी होतो, एवढंच.

आणि एक गोष्ट होती, केळीची पानं! मलेशियात हा भात केळीच्या पानावर देतात, म्हणून पोरांनी सँडरिंगहॅमच्या दुकानातून गठ्ठाभर पानं आणली होती. कागदी प्लेटच्या आकाराचे गोल कापून ती प्लेटमध्ये घालायची होती. पण त्या सकाळी स्टॉलमागे ती हिरवीगार, लांबरुंद पानं ओल्या फडक्याने पुसताना माझ्या आत काहीतरी हललं. एवढ्या सुरेख पानांचे गोल कापायचे? मी कात्री बाजूला ठेवली.

अकरा वाजेपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग ऑकलंडचं वारं सुटलं. गॅसची ज्योत आडवी झाली, दुसऱ्या पातेल्यातला भात शिजेना, आणि 'आता कच्चा भात मुळीच द्यायचा नाही' म्हणून अझीझाने पहिलं पातेलंही झाकून ठेवलं. दोन्ही एकदमच उघडणार म्हणे. रांग वाढत वाढत शेजारच्या स्टॉलसमोरून थेट टॉयलेटपर्यंत गेली. तिथून पुढे कोण कशासाठी उभा आहे, हे कळेनासं झालं.

तेवढ्यात नारंगी जाकीट आलं.

"ही रांग हलवा," लिंडा म्हणाली. "रस्ता अडलाय. दहा मिनिटांत हलली नाही तर स्टॉल बंद!"

अझीझाचे डोळे भरून आले. "अंकल, आता काय करू? कुठे हलवू?"

आणि मी ते वाक्य बोललो. अजूनही क्लबच्या पार्टीत पोरं माझ्या आवाजात ते वाक्य म्हणून दाखवतात.

"हलवायची कशाला? बसवू!"

स्टॉलच्या शेजारी मोकळं गवत होतं. आमच्या गाडीत निळी ताडपत्री होती. मी ती अंथरली, समोरासमोर दोन ओळी आखल्या आणि रांगेतल्या पहिल्या चाळीस माणसांना हात धरून बसवलं. प्रत्येकापुढे अख्खं केळीचं पान! बसलेली किवी मंडळी खूश. "लव्हली!" "हाऊ कल्चरल!" रस्ता मोकळा झाला. लिंडा भुवया उंचावून निघून गेली.

"अंकल, यू आर अ जीनियस लाह!" अझीझा तिच्या लाडक्या मलेशियन 'लाह'सकट म्हणाली. तिने माझ्याबद्दल काढलेले हे त्या दिवसातले शेवटचे चांगले उद्गार.

मी कामाला लागलो. चार पोरांना कामं वाटून दिली. एकाकडे मीठ आणि लिंबाची फोड. (नासी लमाकमध्ये नसते. पण मिठाशिवाय पान वाढायचं?) एकाकडे काकडी, डाव्या हाताला, कोशिंबिरीच्या जागी. सांबल चटणीच्या जागी. मासे आणि अंडी उजवीकडे, पण ते माझ्यापासून लांबूनच न्यायचे. पोरांना वाटलं हा भारतीय शास्त्राचा भाग आहे, त्यामुळे ती फारच गंभीरपणे वाढत होती.

शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेल्या एका आजोबांनी एक शेंगदाणा तोंडाकडे नेला.

"अं हं! वन मिनिट!" मी ओरडलो. "सगळ्यांची पानं वाढून होऊ देत!"

आजोबांनी शेंगदाणा परत पानावर ठेवला. अगदी होता त्याच जागी ठेवला.

शेवटी भात शिजला आणि दोन्ही पातेली उघडली. नारळाचा असा घमघमाट सुटला, की मला मंडपातच उभा असल्यासारखं वाटलं. मी डाव उचलला. अझीझा सपाट कप घेऊन पुढे आली होती, तिला मी प्रेमाने बाजूला केलं. पंगतीत कप? लोक काय म्हणतील! भाताच्या मुदी पडत गेल्या. ओळीच्या टोकाला पोचल्यावर मी मागे वळलो, हात जोडले आणि सवयीने म्हणालो, "सावकाश होऊ द्या!"

"व्हॉट डझ दॅट मीन?" कोणीतरी विचारलं.

आमची नऊ वर्षांची इरा कुपनांच्या टेबलापाशी उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र सगळं इंग्रजी. तिने भाषांतर केलं, "ही सेज टेक युअर टाइम. नो रश."

झालं! लोकांनी ते मनावर घेतलं. न्यूझीलंडच्या माणसाला उन्हात गवतावर बसवून 'घाई नाही' म्हणणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. कोणी टोपी डोळ्यांवर ओढली, कोणी पाय पसरले, एका जोडप्याने तर पिशवीतून पत्ते काढले. इकडे दुसरी पंगत कुपनं हातात घेऊन जेवणाऱ्यांच्या पाठीशी उभी राहिली आणि 'हा कधी उठतो' म्हणून त्यांच्या पानात बघू लागली. ही पद्धत मी शिकवली नव्हती. भूक सगळीकडे सारखीच शिकवते.

मी मात्र रंगात आलो होतो. आग्रह सुरू झाला.

"थोडा भात?"

"नो थँक्स, आय'म फुल."

पहिला नकार कोण धरतं? डाव उलटा!

"सांबल घ्या ना!"

"नो, रिअली, मेट," जँडल्सवाले आजोबा म्हणाले. मी आजोबांकडे बघितलंच नाही. मी पानाकडे बघितलं. पान 'हो' म्हणत होतं. आजोबांनी पानावर हात धरला, मी हाताच्या अलीकडून वाढलं. त्यांनी अलीकडे हात आणला, मी पलीकडून वाढलं. सभ्य माणूस! पानात टाकायचं नाही म्हणून त्यांनी सगळं संपवलं, मग हळूहळू लाल झाले, आणि उठून आइसक्रीमच्या गाडीकडे वयाला न शोभणाऱ्या वेगाने गेले.

"बाबा, ही सेड नो!" इरा ओरडली. "नो मीन्स नो!"

"अगं, तसं म्हणायची पद्धत असते," मी म्हणालो.

तेवढ्यात मागून अझीझाचा आवाज आला. ओरडली असती तर बरं झालं असतं, तिचा आवाज अगदी हळू होता.

"अंकल. भात कुठे आहे?"

"पातेल्यात."

"कुठल्या?"

मी एक पातेलं बघितलं. मग दुसरं बघितलं. मग, आपण चष्मा पुसलेला नाही म्हणून, चष्मा पुसून पहिलं परत बघितलं. दिवसभराचा भात पहिल्या पंगतीने खाल्ला होता! नव्हे, तिला मी तो खायला घातला होता. आणि पाठीमागे उभी असलेली दुसरी पंगत एव्हाना आपोआप बसली होती. माझ्या तालमीत तयार झालेल्या चार पोरांनी त्यांना मीठ, लिंबू, काकडी, दाणे, सांबल असं सगळं शिस्तीत वाढलंही होतं. भाताची वाट बघत, एकही दाणा न उचलता, चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती.

"वन प्लेट वन कप, अंकल!" अझीझा म्हणाली. "मी सांगितलं होतं ना! आता लिंडा येणार. जागा गेली आमची. माझ्यामुळे गेली असंच सगळे म्हणणार." आणि ती खरंच रडायला लागली.

मला इतकं वाईट वाटलं, की मी जन्मात पहिल्यांदा हातातला डाव खाली ठेवला. त्या पोरीने बिचारीने कप सपाट करून आणला होता, आणि मी मामाची सांगली पार्कात वाटत सुटलो होतो.

मृणाल कुपनांच्या टेबलामागून उठून आली. तिने फक्त एक रिकामं पातेलं माझ्या हातात दिलं. "जा."

"कुठे?"

"शेजारी. भात संपला की शेजारी जातात."

बरोबर होतं! घरातली साखर संपली की आपण वाटी घेऊन शेजारी जातो, त्यात लाज कसली? मी पातेलं घेऊन शेजारच्या स्टॉलवर गेलो. तिथे बायू नावाचा हसरा मुलगा होता आणि त्याच्यामागे पांढऱ्याशुभ्र भाताचं मोठं भांडं वाफाळत होतं.

"बाळा, थोडा भात देतोस का? मलेशियाच्या स्टॉलला हवाय."

बायूने आधी माझ्याकडे, मग पातेल्याकडे बघितलं. मग मागे वळून त्याच्या भाषेत काहीतरी ओरडला आणि त्याचा अख्खा स्टॉल हातातली कामं टाकून बाहेर आला. तेव्हा मी वरची पाटी वाचली. तो इंडोनेशियन विद्यार्थ्यांचा स्टॉल होता.

आता, मिसळ कोल्हापूरची खरी की पुण्याची, यावर आपल्याकडे जुनी मैत्री तुटू शकते. या दोन देशांचं रेंडांगपासून सातेपर्यंत प्रत्येक पदार्थावर तसं आहे. दोन्ही क्लब एकमेकांकडे फक्त बॅडमिंटन खेळताना बघायचे, आणि तेही रागाने. आणि अझीझाच्या वतीने मी त्यांच्या दारात पातेलं घेऊन उभा होतो!

"जरूर देऊ," बायू म्हणाला. "एकच अट. पंगतीसमोर पाटी लावायची. 'भात : इंडोनेशियाचा'."

मी ही अट अझीझाला सांगितली. तिने डोळे पुसले. बायूकडे बघितलं. पंगतीकडे बघितलं. लांबून नारंगी जाकीट येताना दिसत होतं.

"मी इपोहला आईला काय सांगू?" ती म्हणाली.

"आईला फोटो पाठवू नकोस," मृणाल म्हणाली.

अझीझाने मार्कर उचलला. पाटी तिने स्वतः लिहिली. अक्षर मात्र जेवढं बारीक काढता येईल तेवढं काढलं.

भात भरेपर्यंत लिंडा पोचली होती. "ही माणसं शेंगदाण्यांकडे बघत का बसली आहेत?"

"सगळ्यांचं वाढून व्हायचंय, मॅडम," मी म्हणालो. "आणि पाहुण्यांनी उभं राहायचं नसतं. बसा." बोलता बोलता मी तिला बसवलं. खरं सांगतो, यात काही डाव नव्हता. (होता तो खाली ठेवला होता.) तिच्यापुढे पान मांडलं, आणि बायू आणि अझीझा एकाच पातेल्याचे दोन कान धरून भात घेऊन आले. एक कप. सपाट.

लिंडा जेवायला लागली. कमरेचा वॉकी-टॉकी खरखरला, "लिंडा? लिंडा, पार्किंगमध्ये ये!" ती उठायला लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पंगतीतून मधेच उठत नाहीत!" ती खाली बसली. वॉकी-टॉकी परत खरखरला. तिने तो बंद केला आणि ताडपत्रीवर पालथा ठेवला.

आणि मग, काय सांगू, तिच्या पानातलं सांबल संपलेलं मला दिसलं. हात आपोआप पळीकडे गेला.

"नो, थँक यू," लिंडा म्हणाली.

मी पानाकडे बघितलं...

तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, नाक जाकिटाच्या रंगाचं झालं. बायूने पाणी आणलं, अझीझाने काकडी आणली. जँडल्सवाले आजोबा एव्हाना परत येऊन दुसऱ्या पंगतीत बसले होते. ते आपलं आइसक्रीम तिच्यापुढे धरून म्हणाले, "हेल्प्स हीप्स."

अझीझाने तर डोळेच मिटले होते.

लिंडाने नाक पुसलं. "कितीतरी वर्षं मी हा फेस्टिव्हल बघतेय," ती म्हणाली. "मला आजवर कोणी 'बस' म्हटलं नव्हतं." मग तिने उरलेला भात बोटांनी गोळा करून खाल्ला आणि उठली. "पुढच्या वर्षी तुम्हा दोन्ही स्टॉलना मिळून एक जागा देते. ही ताडपत्रीही आणा. असंच बसवा लोकांना." अझीझाने बायूला टाळी दिली आणि लगेच, कोणाच्या लक्षात यायच्या आत, हात मागे घेतला. "पण एक अट," लिंडा म्हणाली आणि तिने पळीसकट माझ्याकडे बोट दाखवलं. "हे गृहस्थ वाढणार नाहीत. कधीच!"

दोन्ही देशांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात पंगत बसते. अझीझा आता पापाकुराच्या एका औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट आहे, पण त्या दिवशी सुटी घेऊन येते. या वर्षी तिने मला पहिल्या ओळीत बसवलं आणि माझ्यासाठी मुद्दाम केलेलं, मासे न घातलेलं सांबल घेऊन समोर उभी राहिली. एकदा वाढलं. परत आली.

"नको गं," मी म्हणालो. "खरंच नको!"

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. मान खाली घालून, मामाच्या थाटात, ती पानाकडे बघत होती.

"अंकल, पान 'हो' म्हणतंय."

मी हात आडवा घातला, तिने हाताच्या अलीकडून वाढलं. मी दोन्ही हात घातले, तिने हातांवर वाढलं. पानात टाकायचं नाही, हे मीच शिकवलेलं. संपवलं! कानातून वाफा निघाल्या, समोरच्या ओळीत बसलेल्या एका लिंडाच्या दोन दिसायला लागल्या आणि मी पंगतीत बसल्या बसल्या बोंब ठोकली, "मृणाल! ताक! लवकर ताक आण!"

ताकाचं भांडं हातात घेऊन मृणाल ओळीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिने शांतपणे हात जोडले.

"सावकाश होऊ द्या!"